दोन नंबरचा प्लग

गाडी मारुती ८००, पासिंग १९९८ चं, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण यांत्रिक पद्धतीनं करणारी. मुक्काम कोल्हापूर. शिकवणारे माझे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात: वय ७४, शिवाजी उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत उभा जन्म लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काढलेले टर्नर. शिकणारा माझा भाचा, वय १९, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. माझी मुलगी तेव्हा सोळाची होती, दहावीची परीक्षा नुकतीच आटपली होती. ती शिकणाऱ्यांत नव्हती. तिला बॅटरी धरायला आणि पाने हातात द्यायला बोलावलं होतं. काळ २०२३ चा एप्रिल ते जून.

मी यात कुठं होतो? खुर्चीवर. हे आधी सांगून टाकतो, कारण प्रकरणाचं मूळ तिथं आहे. माझ्या लहानपणी आप्पांकडे स्कूटर होती आणि दर रविवारी ती अंगणात उघडी पडलेली असायची. मला तिच्याजवळ जायची हौस होती, पण आप्पा म्हणायचे, "हात काळं करायला मी हाय. तू पुस्तक घे." त्यांच्या दृष्टीनं मुलाचे हात स्वच्छ राहणं हीच कमाई होती. उद्यमनगरातल्या किती घरांत हे वाक्य बोललं गेलं असेल देव जाणे. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या नामांकित यंत्र-कारागिराचं नाव अभिमानानं सांगणाऱ्या गावात, लेथवरच्या माणसानं स्वतःच्या पोराला मात्र लेथपासून लांब ठेवलं. मी बँकेत लागलो. आज मला स्टेपनी बदलता येते, त्याच्या पुढं काही नाही. म्हणजे विद्या आजोबांकडून नातवाकडं जायची होती ती मधली एक पायरी सोडून, आणि ती पायरी मी.

निमित्त

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. आमच्या ८०० चं ते २०१३ ला झालं, २०१८ ला झालं आणि आता २०२३ च्या जूनमध्ये तिसऱ्यांदा होतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झालेली, वर पर्यावरण कर वेगळा. बहीण म्हणाली, भंगारात घाला. आप्पांनी ही गाडी २००४ साली सेकंडहँड घेतली होती आणि तेव्हापासून तिचं काम बाहेर फारसं गेलंच नव्हतं. ते काही बोलले नाहीत, पण दोन दिवस नीट जेवलेही नाहीत.

अडचण दुहेरी होती. गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल पेटत नव्हतं, आणि पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, नापास झाली होती. बीएस-२ या प्रदूषण-नियमांच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आमचा आकडा आला ४.६. दुसरी अडचण आप्पांच्या उजव्या अंगठ्याची. सांधा झिजल्यामुळं त्यांना पाना आवळून धरता येईना. चहाचा कप दोन हातांनी धरणाऱ्या माणसानं इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढायचा कसा? तेव्हा ठरलं, हात भाच्याचे, डोकं आप्पांचं.

गाडी शिकवणीला उत्तम होती हेही सांगायला हवं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २००० च्या आसपास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आमची त्याच्या आधीची. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेनं खालची जमीन दिसते. हात घालायला जागा आहे, आणि जे बिघडतं ते बहुतेक डोळ्यांना दिसतं.

पहिले दोन रविवार

पहिल्या रविवारी आप्पांनी काहीच दुरुस्त करू दिलं नाही. गाडीची बॅटरी काढा, बसवा. एअर क्लीनरचं झाकण काढा, बसवा. भाच्याचा चेहरा पडला. त्याला कार्बोरेटर उघडायचा होता. पण १० नंबरचा पाना हातात आल्यावर त्यानं तो सरळ पॉझिटिव्ह टर्मिनलला लावला आणि आप्पांनी हात धरला. "आधी निगेटिव्ह. का?" पोरगा गप्प. का, तर निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते. ती जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला की सरळ शॉर्ट. निगेटिव्ह आधी सोडवली तर टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट क्रम. हे त्याच्या परीक्षेत विचारलं असतं तर त्यानं सर्किट काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले असते.

दुसरी सवय पुठ्ठ्याची. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर जो भाग उघडतोय त्याचं ओबडधोबड चित्र काढायचं, आणि बोल्ट जिथून निघाला तिथंच चित्रात भोक पाडून खोचायचा. वायसर त्याच्याच गळ्यात. दिसायला एकसारखे वाटणारे दोन बोल्ट लांबीला कमीजास्त असतात आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला की काय होतं ते आप्पांनी एका जुन्या फुटक्या कव्हरवर दाखवलं. चित्र काढायचं काम मुलीकडं आलं, कारण तिचं अक्षर चांगलं. ती वहीही ठेवू लागली. हा तपशील तेव्हा किरकोळ वाटला होता.

जॅकवरून माझं आणि आप्पांचं वाजलं. गाडी जॅकवर उचलून, खबरदारी म्हणून काढलेली स्टेपनी पत्र्याखाली सरकवून ते वर्षानुवर्षं खाली शिरत आले. मी म्हटलं, पोरांच्या बाबतीत हे चालणार नाही, आणि दोन जॅक स्टँड आणले. "माझ्यावर इतकी वर्षं गाडी पडली काय?" असा सवाल आला. पडली नाही, हे खरं. पण माझ्या मते हा पुरावा नव्हे, हे नशीब आहे, आणि नशीब पुढच्या पिढीला देता येत नाही. शेवटी स्टँडही लागले आणि स्टेपनीही सरकवली. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम घरी करायचं नाही, ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडंच, हा नियम मात्र आप्पांचाच होता आणि त्यावर वाद झाला नाही.

तिसरा रविवार

मिसिंग कुठल्या सिलिंडरची ते शोधायचं होतं. इंजिन संथ चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर उचलायची. चांगल्या सिलिंडरची वायर उचलली की इंजिन अडखळतं, आवाज खाली येतो. जिची वायर उचलूनही फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. एक नंबर उचलली, इंजिन धापा टाकू लागलं. तीन नंबर, तेच. मधली दोन नंबर उचलली तर इंजिनाला पत्ताच नाही. मुलीनं टाळी वाजवली. भाच्यानं वायरींची अदलाबदल करून पाहिली, वायर चांगली निघाली. मग प्लग. २१ चा बॉक्स पाना लावून बाहेर काढला तर काळा आणि पेट्रोलनं ओला. बाकी दोघांच्या टोकांवरही काजळी. नीट जळणाऱ्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं, असं आप्पांनी सांगितलं आणि खरंच एक ग्लुकोज बिस्किट आणायला लावलं.

तिन्ही नवे प्लग आणले. भाच्यानं एक नंबर बसवला, ठीक. दोन नंबर बसवताना तो घट्ट जाऊ लागला. पोरगा जिमला जाणारा. त्यानं पान्याला जोर दिला. करकर असा आवाज आला आणि आप्पा खुर्चीतून उठेपर्यंत काम झालं होतं. प्लग तिरका शिरला होता. हेड, म्हणजे प्लग जिथं बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. यात हरणार कोण ते ठरलेलं असतं. प्लग उलटा काढला तेव्हा त्याच्या आट्यांत चांदीसारखी तार गुंडाळून आली. हेडचे आटे गेले होते.

मला वाटलं आता आप्पा कडाडणार. ते काहीच बोलले नाहीत, चपला घालून निघून गेले. भाचा पायरीवर बसून राहिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं: "मला कुणी सांगितलंच नाही." ते खरं होतं. आप्पांनी प्लगच्या टोकाशी गॅप, म्हणजे फट, किती ठेवायचा ते सांगितलं होतं, किती आवळायचा ते सांगितलं होतं, पण प्लग आत शिरवायचा कसा हे सांगितलं नव्हतं.

मग मुलगी म्हणाली, "आप्पा आधी उलटा फिरवतात. मी बघितलेलो."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, टंकनदोष नाही.

तिच्या वहीत ते होतंही. आठवडाभर आधी आप्पांनी जुना प्लग तपासायला काढून परत बसवला होता, दुखऱ्या अंगठ्यानं, हळूहळू. तिनं लिहिलं होतं: "प्लग पान्यात नाही, बोटांत धरतात. आधी उलट्या दिशेला फिरवतात, टक असं होतं, मग सुलट. चार-पाच फेरे बोटांनीच. पाना शेवटी." आट्याचं तोंड आट्याच्या तोंडाशी आलं की प्लग किंचित खाली बसतो, तो टक म्हणजे तेच. तिथून सुलट फिरवला की तिरका जात नाही. तिला यातलं कारण माहीत नव्हतं. तिनं फक्त पाहिलेलं लिहिलं होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

न सांगितलेलं का राहिलं

संध्याकाळी आप्पा परतले. मी वही पुढं केली आणि विचारलं, हे त्याला का नाही सांगितलं? त्यांनी वाचलं, मग स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. म्हणाले, "मी असं करतो व्हय?"

या सबंध प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे वाक्य. त्यांनी लपवलं नव्हतं. आपण ते करतो हेच त्यांना माहीत नव्हतं. बारा-तेराव्या वर्षी कुणाच्या तरी हाताखाली पोऱ्या म्हणून लागलेल्या माणसानं ते कधीतरी बघून उचललं, आणि नंतर ते बोटांत उतरलं, तोंडात कधी आलंच नाही. जे तोंडात नाही ते सांगून शिकवता येणार कसं? गॅप, नंबर, क्रम ही माहिती त्यांना बोलता येत होती, म्हणून भाच्याला माहिती मिळाली. बोटांतलं जे होतं ते बघणाऱ्यालाच मिळालं, आणि बघायला मोकळी होती ती बॅटरी धरणारी. भाचा वाईट विद्यार्थी नव्हता. त्याला पहिल्या दिवसापासून हातात पाना दिल्यामुळं बघायला वेळच नव्हता.

जुन्या गॅरेजांत पोऱ्याला वर्ष-वर्ष नुसते पाने धुवायला लावत, त्याला आपण पिळवणूक म्हणतो, आणि बरीचशी ती पिळवणूकच होती. मार खाऊन, फुकट राबून शिकण्याचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या धुण्यात बघणंही होतं. घरी शिकवताना आपण पिळवणूक काढून टाकली ते बरोबरच, फक्त तिच्यासोबत बघण्याचा काळही काढून टाकला.

मुलीला यादीत न घेण्याबद्दल आप्पांना विचारलं तर म्हणाले, तिला कशाला काळे हात. पुन्हा तेच वाक्य, आता तिसऱ्या पिढीला.

आटे

दुसऱ्या दिवशी लेथवरचे त्यांचे जुने सोबती किट घेऊन घरीच आले. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं. प्लग मग त्या वेटोळ्यात आवळतो. खरी पद्धत हेड उतरवून करायची, कारण कीस सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टनला ओरखडे. हेड उतरवायचं म्हणजे पॅकिंग आलं, टायमिंग बेल्ट आला, खर्च आला. पाहुण्यांनी टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरलं, अर्धा फेरा पुढं, पाव मागं, टॅप बाहेर, कीस पुसला, पुन्हा ग्रीस. वेटोळं बसवण्याआधी तिन्ही प्लगची भोकं उघडी ठेवून, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलची वायर सोडून, स्टार्टर मारला, म्हणजे उरलंसुरलं दाबानं बाहेर. मला धाकधूक होती आणि अजूनही मी कुणाला हा मार्ग सुचवणार नाही. पण झालं. पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला.

भाच्याला त्यांनी एक गोष्ट दिली: पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा. प्लगच्या मागच्या टोकावर रबरी पाइप खोचायचा आणि पाइप चिमटीत धरून फिरवायचा. प्लग सरळ जात असेल तर जातो. तिरका लागला की पाइप प्लगवर घसरतो, जोर लागूच शकत नाही. बोटांतलं शहाणपण नसलेल्यासाठी पाच रुपयांचं शहाणपण. भाच्यानं त्या दुपारी नवा प्लग पंचवीसेक वेळा आत-बाहेर केला.

बदललेली पद्धत

पुढच्या रविवारपासून कामं उलटी वाटली. मुलीच्या हातात पाना, भाच्याच्या हातात वही. आप्पांनी तोंडानं सांगायचं कमी आणि जमेल तितकं स्वतः एकदा करून दाखवायचं, सावकाश. आणि बघणाऱ्यानं काय पाहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. वाचताना आप्पा दर वेळी चकित व्हायचे. नट सैल करताना आधी ते एक टिचका घट्ट करतात. रॉकेल सोडल्यावर बोल्टच्या डोक्यावर तीन हलके ठोके मारतात. पाना ओढतात, ढकलत नाहीत. निसटला तर बोटं फुटू नयेत म्हणून.

भाच्याची बाजूही इथंच उजळली. पीयूसीचा आकडा का चढतो, हे आप्पांना अनुभवानं ठाऊक होतं: गाडी पेट्रोल जास्त पिते. त्यानं पाटीवर मांडून दाखवलं की एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड होतो. तुंबलेला एअर क्लीनर आणि पुरता मागं न जाणारा चोक, दोन्ही हवाच अडवतात. आप्पांनी तो आकडा पुन्हा विचारून घेतला. "चौदा पॉइंट सात. एवढी हवा खाती व्हय ही."

चोकची केबल साफ करून सोडवली, एअर क्लीनर बदलला. मग हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा स्क्रू: इंजिन गरम करून, संथ ठेवून, अडखळेपर्यंत आत, मग सगळ्यांत गुळगुळीत चालेपर्यंत बाहेर, मग पाव फेरा परत आत. हे मुलीनं केलं, कारण आप्पांना आता वरचे सूर ऐकू येत नाहीत. ती हार्मोनियम शिकलेली. "आता," ती म्हणाली, आणि थांबली. पीयूसीचा आकडा १.८ आला.

आरटीओचा दिवस सांगण्यासारखा नाही. फॉर्म २५, विमा, पीयूसी, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घेतलेला ठसा. एक हेडलाइट मंद होता, आदल्या रात्री अर्थिंगचा गंजलेला स्क्रू घासून तो उजळवला होता. २०२८ पर्यंत गाडी पास. त्या संध्याकाळी सगळे जोतिबाचा चढ चढून आलो, तिसऱ्या गिअरला कुरकुर न करता.

पुढं

अशा शिकवणीवर हमखास येणारा आक्षेप: कार्बोरेटरची विद्या आता काय कामाची? मलाही तो पटत होता. आमची दुसरी गाडी २०१९ ची. तिचं बॉनेट आप्पांनी एकदा उघडलं, वरचं प्लॅस्टिकचं झाकण पाहिलं आणि परत लावलं.

२०२४ च्या पावसाळ्यात तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि ती थरथरू लागली. २०१३ पासूनच्या मोटारींत डॅशबोर्डखाली तपासणीचं सॉकेट असतं. भाच्यानं एक स्वस्तातला ब्लूटूथ रीडर आणून मोबाइलला जोडला. कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. दोघं एकमेकांकडं बघून हसले. या गाडीत लांब वायरी नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसते. मुलीनं इंजिन बंद करून एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, भाच्यानं कोड पुसला, गाडी फिरवून आणली. आता कोड पी०३०१. बिघाड कॉइलसोबत सरकला होता, म्हणजे दोषी कॉइल, प्लग नव्हे. आप्पा ओट्यावरून बघत होते. "काय केलंसा?" त्यांनी विचारलं. वायरींची अदलाबदल, तुमचीच, असं तिनं सांगितल्यावर ते उठून जवळ आले आणि कॉइल हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

एक काम राहिलं आहे. ८०० चे टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग. झाकण उघडून फीलर गेजनं, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी, फट जुळवायची असते, पण ती जुळवायची गरज आहे का हे आप्पा आवाजावरून ठरवायचे. आता तो आवाज त्यांना येत नाही. ते लांब स्क्रू ड्रायव्हर टॅपेट कव्हरवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतात, तेव्हा थोडं कळतं म्हणतात. मुलीला सगळं ऐकू येतं, पण त्यातलं बरोबर कोणतं हे तिला माहीत नाही. गेल्या रविवारी अर्धा तास दोघं आळीपाळीनं तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावत होती. ती तोंडानं आवाज काढून दाखवत होती, टिकटिक, टकटक, आणि ते मान हलवत होते, हा नाही, हा नाही.